पश्चिम मेलबर्नच्या ‘बुलडॉग्ज’चे अविस्मरणीय विजय

ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याची राजधानी मेलबर्न ही मराठी क्रीडारसिकाला प्रामुख्याने क्रिकेटमुळे परिचित आहे. मात्र मेलबर्न क्रिकेट मैदानावर, म्हणजेच ‘एमसीजी’वर, दरवर्षी सर्वाधिक गर्दी खेचणाऱ्या सामन्यांमध्ये क्रिकेटपेक्षा एका वेगळ्याच खेळाचे स्थान वरचे आहे. तो खेळ म्हणजे ‘ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल’. या खेळातील जुन्या क्लबांपैकी फूटस्क्रे, म्हणजे आजचा ‘वेस्टर्न बुलडॉग्ज’, याचा इतिहास विलक्षण आहे. देशातील सर्वोच्च लीगमध्ये १९२५ साली दाखल झालेल्या या क्लबच्या पुरुष संघाने आजवर केवळ दोनदा विजेतेपद पटकावले आहे. पहिले १९५४ मध्ये आणि दुसरे २०१६ मध्ये. या दोन विजयांमधील बासष्ट वर्षांत पराभव, कर्ज आणि क्लबच पुसला जाण्याचे संकट, असे सर्व काही येऊन गेले. या क्लबच्या मोजक्या विजयांना असामान्य मोल लाभले ते याच कारणाने.

खेळाचे स्वरूप

हा खेळ लंबवर्तुळाकार मैदानावर, बहुधा क्रिकेटच्याच मैदानावर, लंबगोल चेंडूने खेळला जातो. प्रत्येक बाजूला अठरा खेळाडू मैदानात असतात. सामन्याची चार सत्रे असतात. चेंडू लाथेने मारता येतो किंवा एका हातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने ढकलता येतो. तो फेकण्यास मात्र मनाई आहे. सहकाऱ्याने दूरवरून मारलेला चेंडू हवेतच झेलल्यास खेळाडूला विनाअडथळा पुढची किक मारण्याचा हक्क मिळतो. एकमेकांच्या खांद्यावर चढून घेतलेले असे झेल हे या खेळाचे खास आकर्षण होय.

मैदानाच्या दोन्ही टोकांना चार-चार खांब असतात. मधल्या दोन उंच खांबांमधून चेंडू लाथेने पार केल्यास ‘गोल’ होतो व त्याचे सहा गुण मिळतात. कडेच्या खांबांमधून चेंडू गेल्यास ‘बिहाइंड’ म्हणून एकच गुण मिळतो. त्यामुळे धावसंख्येसारखा गुणफलक लिहिताना आधी गोल, मग बिहाइंड आणि शेवटी कंसात एकूण गुण देतात. उदाहरणार्थ, १५.१२ (१०२) याचा अर्थ पंधरा गोल, बारा बिहाइंड आणि एकूण एकशे दोन गुण.

कामगारवस्तीचा क्लब

फूटस्क्रे हे मेलबर्नच्या पश्चिमेला, मॅरिबिर्नाँग नदीपलीकडे वसलेले उपनगर. दगडखाणी, कातडी कमावण्याचे कारखाने, कत्तलखाने आणि दारूगोळ्याचा कारखाना यांभोवती ही वस्ती वाढली. शहराच्या पूर्वेकडील सधन उपनगरांच्या तुलनेत पश्चिमेकडे पाहण्याची दृष्टी काहीशी तुच्छतेचीच होती. अशा वस्तीत शनिवारचा फुटबॉल सामना ही केवळ करमणूक नव्हती. तो स्वाभिमानाचा प्रश्न होता. लाल, पांढरा आणि निळा हे क्लबचे रंग, तर बार्कली स्ट्रीटवरील वेस्टर्न ओव्हल हे त्याचे घरचे मैदान.

गेल्या काही दशकांत मेलबर्नच्या याच पश्चिम भागात आशियातून व आफ्रिकेतून आलेल्या स्थलांतरितांची मोठी वस्ती झाली. वेरिबी, टारनीट, पॉइंट कुक यांसारख्या उपनगरांत भारतीय वंशाची कुटुंबे मोठ्या संख्येने स्थायिक झाली असून त्यांत मराठी कुटुंबेही आहेत. त्यांच्या मुलांच्या शाळेत ज्या स्थानिक संघाचे नाव निघते, तो हाच.

१९२४ : प्रवेशद्वार उघडणारा विजय

सर्वोच्च अशा व्हिक्टोरियन फुटबॉल लीगमध्ये प्रवेश मिळण्यापूर्वी फूटस्क्रे हा दुय्यम मानल्या जाणाऱ्या व्हिक्टोरियन फुटबॉल असोसिएशनमध्ये खेळत असे. तेथे त्याने नऊ विजेतेपदे जिंकली होती. १९२३ आणि १९२४ ही सलग दोन वर्षे तो असोसिएशनचा विजेता होता.

पहिल्या महायुद्धात हातपाय गमावलेल्या सैनिकांच्या मदतीसाठी प्रसिद्ध गायिका डेम नेली मेल्बा यांच्या निधीकरिता ४ ऑक्टोबर १९२४ रोजी एमसीजीवर एक खास सामना ठरला. एका बाजूला लीगचा विजेता एसेंडन, तर दुसऱ्या बाजूला असोसिएशनचा विजेता फूटस्क्रे. लीगचा संघ सहज जिंकेल असेच सर्वांचे मत होते. प्रत्यक्षात फूटस्क्रेने ९.१० (६४) विरुद्ध ४.१२ (३६) असा अठ्ठावीस गुणांनी विजय मिळवला. एसेंडनच्या काही खेळाडूंनी मनापासून खेळ केला नाही अशी कुजबुज सामन्यानंतर झाली. परंतु निकाल निकालच राहिला. पुढच्याच वर्षी, १९२५ मध्ये, नॉर्थ मेलबर्न व हॉथॉर्न यांच्यासह फूटस्क्रेला लीगमध्ये स्थान मिळाले. धर्मादाय म्हणून खेळला गेलेला तो सामना फूटस्क्रेच्या दृष्टीने पात्रतेची परीक्षाच ठरला.

१९५४ : पहिले विजेतेपद

लीगमधील पहिली तीन दशके फूटस्क्रेसाठी खडतर गेली. चित्र पालटले ते चार्ली सटन यांच्या काळात. सटन हे कर्णधारही होते आणि प्रशिक्षकही. ठेंगण्या, भक्कम बांध्याच्या या खेळाडूने संघाचा बचाव असा बांधला की प्रतिस्पर्ध्यांना गोल मिळवणे कठीण होऊन बसले.

१९५४ च्या हंगामात फूटस्क्रेने बाद फेरीत जिलाँगला हरवून प्रथमच अंतिम सामना गाठला. २५ सप्टेंबर १९५४ रोजी एमसीजीवर ८०,८९७ प्रेक्षकांसमोर गाठ पडली ती मेलबर्न संघाशी. त्या संघाचे प्रशिक्षक नॉर्म स्मिथ होते आणि त्यात रॉन बरासी हा तरुण खेळाडू होता. दोघेही पुढे या खेळातील दंतकथा ठरले.

सामना मात्र एकतर्फी झाला. पहिल्याच सत्रात फूटस्क्रेने घेतलेली आघाडी मेलबर्नला अखेरपर्यंत भरून काढता आली नाही. आघाडीचा खेळाडू जॅक कॉलिन्स याने सात गोल केले, तर स्वतः सटन यांनी तीन. अंतिम गुणफलक होता फूटस्क्रे १५.१२ (१०२), मेलबर्न ७.९ (५१). म्हणजे विजेत्यांचे गुण पराभूतांच्या नेमके दुप्पट.

या विजयाचे मोल पुढील दशकाने आणखी वाढवले. पराभूत मेलबर्न संघाने १९५५, १९५६, १९५७, १९५९, १९६० आणि १९६४ अशी सहा विजेतेपदे जिंकली. एका महान संघाच्या उदयाच्या उंबरठ्यावर त्याला इतक्या मोठ्या फरकाने रोखण्याचा मान फूटस्क्रेकडे राहिला. विजेत्या संघात एकवीस वर्षांचा टेड व्हिटन होता. पुढे तो क्लबचा कर्णधार व प्रशिक्षक झाला, ३२१ सामने खेळला आणि फूटस्क्रेचा चेहरा बनला. त्याच्याच नावाने वेस्टर्न ओव्हल आज ‘व्हिटन ओव्हल’ म्हणून ओळखले जाते.

हे विजेतेपद पुढच्या अनेकांची सुरुवात ठरेल असे त्या दिवशी वाटले असेल. १९६१ मध्ये क्लबने पुन्हा अंतिम सामना गाठलाही. पण हॉथॉर्नने त्रेचाळीस गुणांनी हरवून स्वतःचे पहिले विजेतेपद मिळवले. त्यानंतर पंचावन्न वर्षे फूटस्क्रेला अंतिम सामन्याचे दर्शन घडले नाही.

१९७८ : गोलांचा पाऊस

साठच्या दशकात हंगामाच्या जोडीने प्रकाशझोतात खेळल्या जाणाऱ्या रात्रीच्या स्पर्धा फूटस्क्रेने १९६३, १९६४, १९६७ आणि १९७० मध्ये जिंकल्या. मुख्य लीगमध्ये मात्र सत्तरचे दशक निराशेचे गेले. त्या काळोखात एक दिवस लखलखून गेला. १ जुलै १९७८ रोजी वेस्टर्न ओव्हलवर सेंट किल्डाविरुद्ध फूटस्क्रेने ३३.१५ (२१३) अशी गुणसंख्या उभारली. लीगच्या तोवरच्या इतिहासातील ती सर्वोच्च होती. केल्विन टेम्पलटन या एकट्या खेळाडूने त्यात पंधरा गोल आणि नऊ बिहाइंड नोंदवले. त्या हंगामात त्याचे एकूण ११८ गोल झाले आणि हंगामात शंभर गोल करणारा तो क्लबचा पहिला खेळाडू ठरला. क्लब तळाच्या संघांत असूनही हा सामना आजही आठवला जातो. विजेतेपदे नसलेल्या काळात चाहत्यांनी जपून ठेवाव्यात अशा आठवणींपैकी ही एक होती.

१९८९ : मैदानाबाहेरचा विजय

या क्लबच्या विजयांची यादी करताना एका अशा लढतीचा समावेश करावाच लागतो, जी मैदानावर झालीच नाही. ऐंशीच्या दशकात लीग व्हिक्टोरियाबाहेर विस्तारू लागली. साउथ मेलबर्न क्लब १९८२ मध्ये सिडनीला हलवला गेला. १९८७ मध्ये पर्थ आणि ब्रिस्बेन येथील नवे संघ आले. छोट्या, कर्जबाजारी मेलबर्न क्लबांना या नव्या व्यवस्थेत जागा उरणार नाही, असा सूर उमटू लागला. ऑक्टोबर १९८९ मध्ये घोषणा झाली की फूटस्क्रेचे फिट्झरॉय क्लबमध्ये विलीनीकरण होणार आणि ‘फिट्झरॉय बुलडॉग्ज’ हा नवा संघ अस्तित्वात येणार.

पश्चिम उपनगरांत त्याची प्रतिक्रिया तीव्र होती. आयरीन चॅटफील्ड या सामान्य समर्थक महिलेने व्हिक्टोरियाच्या सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. पीटर गॉर्डन या तरुण वकिलाने लढ्याचे नेतृत्व केले. न्यायालयाकडून मिळालेल्या मुदतीत क्लबचे देणे फेडण्यासाठी निधी उभा करायचा होता. चाहत्यांनी दारोदार डबे फिरवले, रस्त्यांवर व बाजारांत वर्गणी गोळा केली. लहान मुलांनी खाऊचे पैसे दिले, निवृत्त कामगारांनी शिल्लक काढून दिली. काही आठवड्यांत सुमारे पंधरा लाख ऑस्ट्रेलियन डॉलर उभे राहिले आणि विलीनीकरण रद्द झाले.

गॉर्डन क्लबचे अध्यक्ष झाले. पुढच्याच हंगामात, १९९० मध्ये, टोनी लिबरटोर या लहानखुऱ्या खेळाडूने लीगमधील सर्वोत्तम व नियमाने खेळणाऱ्या खेळाडूला मिळणारे ब्राउनलो पदक जिंकले. ज्या फिट्झरॉयमध्ये फूटस्क्रे विरघळून जाणार होता, तोच क्लब १९९६ च्या हंगामाअखेर ब्रिस्बेनमध्ये विलीन झाला. फूटस्क्रेचे काय झाले असते, याचे उत्तर त्या घटनेत होते.

२००० : अजिंक्य संघाला रोखणारी रात्र

१९९७ मध्ये क्लबने संपूर्ण पश्चिम विभागाचे प्रतिनिधित्व करण्यासाठी ‘वेस्टर्न बुलडॉग्ज’ हे नाव घेतले. त्याच वर्षी अंतिम सामन्याच्या उंबरठ्यावरील लढतीत बुलडॉग्जने अॅडलेडविरुद्ध मोठी आघाडी गमावली आणि अवघ्या दोन गुणांनी सामना हातचा गेला. टोनी लिबरटोरने मारलेला चेंडू गोलखांबांमधून गेला असे मानून खेळाडूंनी जल्लोष केला. पंचांनी मात्र बिहाइंडची खूण केली. त्या एका निर्णयावरील चर्चा आजही थांबलेली नाही.

तीन वर्षांनी मिळालेल्या एका विजयाने त्या जखमेवर थोडी फुंकर घातली. २००० च्या हंगामात एसेंडनने सलग वीस सामने जिंकले होते आणि एकही न हरता विजेतेपद मिळवण्याच्या दिशेने तो निघाला होता. एकविसाव्या फेरीत बुलडॉग्जचे प्रशिक्षक टेरी वॉलेस यांनी वेगळी चाल खेळली. त्यांनी जवळजवळ सर्व खेळाडू बचावफळीत मागे ओढून एसेंडनच्या आक्रमकांना मोकळी जागाच मिळू दिली नाही. अखेरच्या मिनिटांत ख्रिस ग्रँट याने सीमारेषेजवळून अवघड कोनातून गोल केला आणि बुलडॉग्जने अकरा गुणांनी बाजी मारली. एसेंडनने पुढे विजेतेपद जिंकले. परंतु त्या संपूर्ण वर्षात त्याचा झालेला एकमेव पराभव हाच.

२०१६ : बासष्ट वर्षांनी

१९६१ नंतर बुलडॉग्ज अंतिम सामन्यापासून एक पाऊल दूर असताना सात वेळा हरले होते : १९८५, १९९२, १९९७, १९९८, २००८, २००९ आणि २०१०. २०१४ च्या अखेरीस परिस्थिती आणखी बिघडली. कर्णधार रायन ग्रिफन क्लब सोडून ग्रेटर वेस्टर्न सिडनीकडे गेला आणि प्रशिक्षकांनीही राजीनामा दिला. ग्रिफनच्या बदल्यात टॉम बॉइड हा तरुण, उंचापुरा आक्रमक मिळाला. त्याच्याशी झालेला सात वर्षांचा महागडा करार अनेकांना धाडसी वाटला.

नवे प्रशिक्षक ल्यूक बेव्हरिज यांनी संघाला वेगवान, मुठीने चेंडू झटपट पुढे सरकवणारा खेळ शिकवला. २०१६ च्या तिसऱ्याच फेरीत कर्णधार बॉब मर्फी याचा गुडघा निकामी झाला आणि त्याचा हंगाम संपला. दुखापतींचे सत्र चालूच राहिले. तरीही बावीसपैकी पंधरा सामने जिंकून संघ सातव्या स्थानावर आला. पहिल्या चार संघांना बाद फेरीत एक पराभव पचवण्याची सवलत असते. सातव्या क्रमांकाला नसते. विजेतेपदासाठी सलग चार सामने जिंकणे भाग होते आणि सातव्या स्थानावरून तसे आजवर कोणीही केले नव्हते. त्या वर्षी बाद फेरीपूर्वी प्रथमच एका आठवड्याची विश्रांती ठेवण्यात आली. तिचा लाभ घेऊन काही जायबंदी खेळाडू परतले.

पहिला सामना पर्थला, वेस्ट कोस्टच्या घरी झाला. बुलडॉग्जने तो सत्तेचाळीस गुणांनी जिंकला. दुसऱ्या सामन्यात सलग तीन वर्षे विजेता असलेल्या हॉथॉर्नला तेवीस गुणांनी हरवले. तिसरी लढत सिडनीत, ग्रिफन ज्या संघात गेला त्याच ग्रेटर वेस्टर्न सिडनीविरुद्ध. अखेरच्या सत्रात पिछाडीवर पडूनही बुलडॉग्जने १३.११ (८९) विरुद्ध १२.११ (८३) असा सहा गुणांनी विजय खेचून आणला. पंचावन्न वर्षांची प्रतीक्षा संपली.

१ ऑक्टोबर २०१६ रोजी एमसीजीवर ९९,९८१ प्रेक्षक उपस्थित होते. समोर गुणतक्त्यात अव्वल राहिलेला सिडनी स्वान्स होता. मध्यंतराला सिडनीकडे निसटती आघाडी होती. अखेरच्या सत्रातही सामना दोलायमानच राहिला. मग लियाम पिकन याने धाडसी खेळ करीत गोल मिळवले. सिडनीचा अव्वल आक्रमक लान्स फ्रँकलिन याला अनुभवी बचावपटू डेल मॉरिस याने मागून पकडून पाडले आणि सुटलेला चेंडू बॉइडकडे आला. त्याने दुरूनच मारलेली किक टप्पे घेत रिकाम्या गोलखांबांमधून आत गेली. करारावरून ज्याच्यावर टीका झाली त्याच बॉइडचा हा तिसरा गोल होता. मॉरिस तर त्या काळात पाठीच्या मणक्याला अस्थिभंग झालेला असतानाही खेळत होता, हे नंतर उघड झाले. अंतिम गुणफलक : वेस्टर्न बुलडॉग्ज १३.११ (८९), सिडनी १०.७ (६७).

सामन्यातील सर्वोत्तम खेळाडूचे पदक जेसन जोहानिसन याला मिळाले. ते पदक नॉर्म स्मिथ यांच्या नावाचे आहे. १९५४ मध्ये याच क्लबकडून हरलेल्या मेलबर्न संघाचे प्रशिक्षक ते हेच. विजेत्या संघात टॉम लिबरटोर होता, १९९७ मध्ये ज्याचा गोल नाकारला गेला त्या टोनीचा मुलगा. अध्यक्षपदी पुन्हा पीटर गॉर्डन होते.

समारंभातील एका क्षणाने मात्र सर्वांना हेलावून टाकले. विजेत्या प्रशिक्षकाला मिळणारे पदक गळ्यात पडताच बेव्हरिज यांनी दुखापतीमुळे खेळू न शकलेल्या मर्फीला मंचावर बोलावले आणि ते पदक काढून त्याच्या गळ्यात घातले. मर्फी आणि त्याच्या जागी नेतृत्व करणारा ईस्टन वुड यांनी प्रशिक्षकांसह करंडक उंचावला. मर्फीने पुढे ते पदक क्लबच्या स्वाधीन केले. हा दिवस पाहण्यासाठी चार्ली सटन नव्हते. २०१२ मध्ये त्यांचे निधन झाले होते. टेड व्हिटन तर १९९५ मध्येच गेले होते.

२०१८ : महिला संघाचा करंडक

महिलांची राष्ट्रीय लीग २०१७ मध्ये सुरू झाली. त्याआधी, २०१३ पासून, बुलडॉग्ज आणि मेलबर्न या क्लबांनी महिलांचे प्रदर्शनीय सामने भरवून तिचा पाया घातला होता. २४ मार्च २०१८ रोजी, दुसऱ्याच हंगामात, बुलडॉग्जच्या महिला संघाने प्रिन्सेस पार्कवर ब्रिस्बेनला ४.३ (२७) विरुद्ध ३.३ (२१) असे हरवून करंडक जिंकला. कर्णधार केटी ब्रेनन निलंबनामुळे मैदानाबाहेर होती. तिच्या अनुपस्थितीत एली ब्लॅकबर्नने संघ सांभाळला. अठरा वर्षांची मोनीक कॉन्टी सर्वोत्तम खेळाडू ठरली. कर्णधाराविना जिंकण्याचा योग या क्लबच्या वाट्याला अशा रीतीने दोन वर्षांत दोनदा आला.

२०२१ आणि त्यानंतर

२०२१ मध्ये पुरुष संघाने बाद फेरीत ब्रिस्बेनला त्याच्याच मैदानावर ११.१३ (७९) विरुद्ध ११.१२ (७८) असे केवळ एका गुणाने हरवले. पुढच्या सामन्यात अॅडलेडला पोर्ट अॅडलेडवर एकाहत्तर गुणांनी मात केली. महासाथीमुळे पर्थला हलवलेल्या अंतिम सामन्यात मात्र मेलबर्नने चौऱ्याहत्तर गुणांनी पराभव केला आणि १९६४ नंतरचे आपले पहिले विजेतेपद मिळवले. १९५४ चा तो जुना प्रतिस्पर्धी सदुसष्ट वर्षांनी समोर आला आणि या वेळी पारडे फिरले.

करंडकांच्या संख्येवर मोजायचे तर बुलडॉग्जचे नाव मेलबर्नमधील मोठ्या क्लबांच्या पंक्तीत बसत नाही. परंतु १९८९ मध्ये ज्या वस्तीने वर्गणीचे डबे फिरवून आपला संघ वाचवला, तिच्यातील अनेक जण २०१६ च्या विजयानंतर दुसऱ्या दिवशी व्हिटन ओव्हलवर जमलेल्या गर्दीत होते. त्यांपैकी कित्येकांनी वडिलांच्या आणि आजोबांच्या आठवणींखातर हजेरी लावली होती. क्लब टिकला नसता तर तो करंडक नेण्यासाठी घरच उरले नसते.